‘ओके’ बटण स्क्रीनच्या बाहेर गेलंय? माउस बाजूला ठेवा, ऑल्ट + स्पेस दाबा

प्रोग्रॅमची विंडो स्क्रीनपेक्षा मोठी उघडली आणि खालचं ‘ओके’ किंवा ‘सेव्ह’ दिसेनासं झालं, की कुणी प्रोग्रॅम बंद करून परत उघडतं, कुणी संगणकच रीस्टार्ट करतं, तर कुणी सरळ फोन लावतं, ‘सर, सॉफ्टवेअर बिघडलंय, ओके दिसंनाच झालंय की ओ.’ यातल्या कशानेही काम होत नाही, कारण बिघडलेलं काहीच नसतं. विंडो धडधाकट असते, बटणही जागेवर असतं. तुमचा हात तेवढा तिथपर्यंत पोचत नसतो, आणि माउसने पोचणारही नसतो. कीबोर्डने मात्र पोचतो.

सोलापुरात ही तक्रार सारखी कानावर येते आणि त्याचं कारण साधं आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल-चादरीच्या कारखान्यांची ऑफिसं, पूर्व भागातल्या गल्ल्यांमधली यंत्रमागवाल्यांची छोटी ऑफिसं, नवी पेठेतली दुकानं, ई-सेवा केंद्रं, सगळीकडे मॉनिटर चालतोय तोवर चालवतात. ते बरोबरच आहे, चालणारी वस्तू टाकायची कशाला? पण त्यातले कित्येक मॉनिटर जुने, चौकोनी, १०२४ × ७६८ पिक्सेलचे आहेत (पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा एक ठिपका, आधी रुंदी, मग उंची). लॅपटॉप १३६६ × ७६८ चे. नवी सॉफ्टवेअरं बनवणारा माणूस मात्र १९२० × १०८० किंवा त्याहून मोठ्या स्क्रीनसमोर बसलेला असतो. त्याच्याकडे मावलेली चौकट तुमच्याकडे मावत नाही.

आणि हा प्रश्न जुन्या मशीनचाच आहे असंही नाही. नव्या फुल एचडी लॅपटॉपवर विंडोज बऱ्याचदा स्वतःहूनच १५० टक्के स्केल लावून ठेवतं, म्हणजे अक्षरं मोठी दिसावीत. त्याचा अर्थ असा की १९२० × १०८० ची स्क्रीन प्रोग्रॅमच्या हिशोबाने १२८० × ७२० एवढीच उरते. विंडोज ११ चा टास्कबार त्यातले आणखी ४८ पिक्सेल खातो. उरले ६७२. तुमचा १३६६ × ७६८ चा लॅपटॉप असेल आणि डोळ्यांना त्रास होतो म्हणून तुम्ही स्केल १२५ टक्के केलं असेल, तर उंची ६१४ वर येते आणि टास्कबार वजा जाता ५६६ वर. एवढ्यात सातशे पिक्सेल उंचीचा प्रिंट सेटिंगचा बॉक्स कसा बसणार?

आधी निदान

उपाय शोधण्याआधी नक्की काय झालंय ते ओळखा. वरवर सारख्या दिसणाऱ्या या तीन वेगळ्या अडचणी आहेत: विंडो मोठी आहे पण लहान करता येते, विंडो मोठी आहे आणि तिचा आकार प्रोग्रॅमनेच पक्का करून ठेवलाय, किंवा विंडो मोठी नाहीच, स्क्रीनच्या बाहेर कुठेतरी उघडली आहे. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. लोकांना शॉर्टकट पाठ असूनही ‘हे आमच्याकडे चालत नाही’ असं वाटतं ते यामुळेच.

निदान करायला वेगळं काही लागत नाही. त्या विंडोवर या, ती दिसत नसेल तर ऑल्ट + टॅबने निवडा, आणि ऑल्ट धरून स्पेस दाबा. विंडोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा मेनू उघडेल: रिस्टोर, मूव्ह, साइझ, मिनिमाइज, मॅक्सिमाइज, क्लोज. विंडोज ९५ च्याही आधीपासून हा मेनू आहे आणि आजही आहे. यातल्या कुठल्या ओळी गडद आहेत आणि कुठल्या फिकट, ते नीट बघा. आजार तिथेच लिहिलेला असतो.

‘रिस्टोर’ गडद, ‘मूव्ह’ आणि ‘साइझ’ दोन्ही फिकट: विंडो मॅक्सिमाइज झालेली आहे. मॅक्सिमाइज केलेली विंडो ना सरकते ना लहान होते, म्हणून आधी आर दाबून ती मोकळी करायची आणि पुन्हा ऑल्ट + स्पेस.

‘मूव्ह’ गडद पण ‘साइझ’ फिकट: आकार पक्का आहे. लहान करण्याच्या नादी लागू नका, ती होणार नाही. सरकवायची.

‘मूव्ह’ आणि ‘साइझ’ दोन्ही गडद: सगळे मार्ग खुले.

हा मेनूच उघडत नसेल, किंवा उघडूनही ऐकत नसेल, तर दोन शक्यता तपासा. काही ॲप ऑल्ट + स्पेस ही जोडी स्वतःसाठी घेऊन ठेवतात. पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या जोडसाधनांच्या संचातला ‘रन’ हा शोधक मूळ सेटिंगमध्ये हेच वापरतो. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन शॉर्टकट बदलून टाका. नाहीतर टास्कबारवरच्या त्या प्रोग्रॅमच्या चिन्हावर माउस न्या, वर जे छोटं चित्र उगवतं त्याच्यावर राइट क्लिक करा, तोच मेनू तिथे मिळतो. विंडो पूर्णपणे स्क्रीनबाहेर असली तरीही मिळतो, हे विशेष लक्षात ठेवा.

दुसरी शक्यता मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी. मेनू उघडला, पण एम दाबला तरी काही हलत नाही, असं झालं तर कीबोर्ड मराठीवर आहे का ते बघा. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत एमच्या कळीवर ‘स’ असतो, मग मेनूला एम मिळणार कुठून? विंडोज + स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा. किंवा अक्षराच्या फंदात न पडता खालच्या बाणाने हव्या त्या ओळीवर जा आणि एंटर मारा. विंडोज कुठल्याही भाषेत असलं तरी बाण आणि एंटर चालतातच.

विंडो सरकवणं: सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट

एकच शिकायचं असेल तर हे शिका. बाकीचं विसरलात तरी निभावेल.

१. ऑल्ट + स्पेस दाबा.

२. एम दाबा. माउसचा कर्सर चार दिशांच्या बाणाचा होतो. तो झाला म्हणजे विंडो तुमच्या हातात आली.

३. वरचा बाण दाबत राहा. विंडो टप्प्याटप्प्याने वर जाते, टायटल बार, म्हणजे विंडोच्या नावाची वरची पट्टी, स्क्रीनच्या वर निघून जातो आणि खालची बटणं वर यायला लागतात.

४. बटणं दिसली की एंटर. विंडो तिथे थांबते. मधेच नको वाटलं तर एस्केप, विंडो जिथे होती तिथे परत जाते.

आता हे माउसने का जमत नाही? विंडो माउसने हलवायची तर टायटल बारला धरावी लागते, आणि कर्सर स्क्रीनच्या वरच्या कडेपलीकडे जात नाही. म्हणून टायटल बारही कडेला अडतो. त्यात आणखी, विंडो वरच्या कडेला टेकवली की विंडोज समजतं तुम्हाला ती मॅक्सिमाइज करायची आहे. बाणाच्या कळांना ही कसलीच आडकाठी नाही.

अशोक चौकाजवळच्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हे मी मुनीमकाकांना करून दाखवलं तेव्हाचं गणित सांगतो, म्हणजे किती थोडक्यात काम अडतं ते कळेल. मॉनिटर १०२४ × ७६८, विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेल, म्हणजे हाताशी ७२८. लेबल छापायच्या प्रोग्रॅमचा सेटिंग बॉक्स साधारण ७८० उंचीचा. फरक पन्नासेक पिक्सेलचा, बोटाच्या एका पेराएवढा. पण ‘प्रिंट’ आणि ‘ओके’ दोन्ही नेमकी त्या पेराएवढ्या पट्टीत, टास्कबारच्या मागे. गाठी बांधून तयार, गाडी दारात आणि लेबल निघेना. काकांनी ऑल्ट + स्पेस केलं, एम दाबला, वरचा बाण दाबून धरला. बॉक्सचं निळं डोकं स्क्रीनच्या वर गेलं आणि टास्कबारच्या मागून दोन्ही बटणं हळूहळू वर आली. ‘हितंच होतं की ओ हे!’ म्हणत त्यांनी प्रिंट दिली. नंतर त्यांनी हे स्वतःच शेजारच्या ऑफिसात शिकवलं.

सरकवताना काही बारकावे उपयोगी पडतात. बाणासोबत कंट्रोल धरला तर विंडो अगदी बारीक पावलांनी सरकते, शेवटचं जुळवून घ्यायला बरं. आणि एम दाबून कुठलाही बाण एकदा दाबला की विंडो माउसच्या कर्सरला चिकटते. तिथून पुढे माउस हलवाल तशी ती येते, क्लिक केलं की सुटते. लांबचा पल्ला असेल तर बाण दाबत बसण्यापेक्षा हे झटपट होतं.

मात्र काम झाल्यावर ती विंडो परत खाली आणून ठेवायची सवय लावा. बरेच प्रोग्रॅम बंद होताना आपली जागा लक्षात ठेवतात. टायटल बार वर गेलेला असताना बंद केलात, तर उद्या ती तशीच डोकं नसलेली उघडेल आणि सकाळच्या पाळीला बसणारा माणूस गोंधळेल.

आकार बदलता येत असेल तर

‘साइझ’ गडद असेल तर आधी सोपे मार्ग वापरून बघा. विंडोज + डावा बाण किंवा विंडोज + उजवा बाण दाबला की विंडो स्क्रीनच्या अर्ध्या भागात नीट बसते, उंचीही स्क्रीनएवढी होते. २००९ साली विंडोज ७ बरोबर ही सोय आली. रुंदी आहे तीच ठेवून फक्त उंची स्क्रीनला जुळवायची असेल तर विंडोज + शिफ्ट + वरचा बाण. ही जोडी फार कमी लोकांना माहीत आहे. हिशोबाच्या लांबलचक यादीला याच्यासारखं दुसरं नाही, दोन कॉलम झाकले न जाता जास्तीत जास्त ओळी दिसतात.

विंडोज ११ असेल तर विंडोज + झेड दाबा, स्क्रीनच्या वाटण्या दाखवणारी चौकट उघडते, हवा तो आकडा दाबा. लहान स्क्रीनवर तिचा मला फार उपयोग वाटत नाही. मोठ्या मॉनिटरवर एकीकडे खरेदीचं बिल, दुसरीकडे जीएसटीचं पान आणि खाली कॅल्क्युलेटर अशी मांडणी करायची असेल तेव्हा ती कामाला येते.

अर्ध्या भागात बसवूनही विंडो पलीकडे सांडत असेल, तर प्रोग्रॅमने किमान रुंदी ठरवून ठेवली आहे. त्या रुंदीच्या खाली ती जाणारच नाही. तुमची काही चूक नाही, आणि विंडोजचीही नाही.

बाणांनी कड धरून आकार बदलायचा तर क्रम पाळा. नेमकी कुठली कड हलतेय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणून आधी वर सांगितल्याप्रमाणे विंडो वर सरकवा, खालची कड दिसेपर्यंत. मग ऑल्ट + स्पेस, एस. आता पहिला बाण हा कड निवडण्यासाठी असतो, हलवण्यासाठी नाही. खालचा बाण एकदा दाबलात की खालची कड पकडली जाते. त्यानंतर वरचा बाण दाबत गेलात की ती कड वर येते आणि विंडो बुटकी होते. एंटर. मग पुन्हा ऑल्ट + स्पेस, एम, आणि विंडो खाली आणून जागेवर बसवा. पहिल्या बाणाची ही भानगड माहीत नसली की माणूस वरचा बाण दाबतो, वरची कड पकडली जाते, आणि विंडो लहान व्हायच्या ऐवजी भलतीकडेच ताणली जाते.

नोटपॅड उघडून एकदा हाताला वळण लावून घ्या. काम अडलेलं असताना शिकायला घेऊ नका.

आकार पक्का असलेला बॉक्स, आणि न बघता बटण दाबणं

कधी बॉक्स इतका उंच असतो की तो खालीवर सरकवत भरावा लागतो. किंवा सरकवायला वेळच नसतो. अशा वेळी न दिसणाऱ्या बटणापर्यंत टॅबने जाता येतं. टॅब पुढच्या रकान्यात नेतो, शिफ्ट + टॅब मागच्या. पहिल्या रकान्यात असताना शिफ्ट + टॅब दाबलं की फिरून शेवटाकडून सुरुवात होते, आणि बटणं बहुधा शेवटीच असतात. बटणावर पोचल्यावर ते स्पेसने दाबलं जातं. एस्केप म्हणजे कॅन्सल. एंटर म्हणजे जे बटण ठळक कडेचं असेल ते, बहुतेक ठिकाणी ओके. बॉक्समध्ये वर टॅबची पानं असतील तर कंट्रोल + टॅबने पान बदलतं.

ऑल्ट दाबल्यावर काही बटणांच्या नावातलं एखादं अक्षर अधोरेखित दिसतं. ऑल्टसोबत ते अक्षर दाबलं की बटण दाबलं जातं. ‘ॲप्लाय’ला असं अक्षर सहसा असतं, ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ला सहसा नसतं, कारण त्यांच्यासाठी एंटर आणि एस्केप ठेवलेले आहेत.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. बटण दिसत नसताना एंटर मारणं फक्त तिथेच करा जिथे चुकलं तरी परत करता येतं. प्रिंटचं सेटिंग, पानाचा समास, फाँट, अशा ठिकाणी बिनधास्त मारा. पण जिथे नोंद पुसली जाणार आहे, विवरणपत्र दाखल होणार आहे किंवा पैसे जाणार आहेत, तिथे ठळक बटण कुठलं आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोट उचलू नका. दहा सेकंद घेऊन विंडो वर सरकवा. लांब मजकुराच्या रकान्यात तर एंटर मारल्याने नुसती नवी ओळ येते, आणि माणसाला वाटतं काम झालं.

ई-सेवा केंद्रात बसणाऱ्यांची अडचण जरा निराळी असते. तिथे विंडो ठीक असते, तिच्या आतल्या वेबपानावर उघडलेला छोटा बॉक्स खाली कापला जातो आणि ‘सबमिट’ दिसत नाही. याला ऑल्ट + स्पेस चालत नाही, कारण तो बॉक्स विंडोजचा नसून पानाचाच भाग असतो. कंट्रोल धरून वजाचं चिन्ह दाबा. क्रोममध्ये पान १०० वरून ९०, ८०, ७५, ६७ टक्के असं लहान होत जातं. त्यानेही पुरलं नाही तर एफ ११ दाबा, ब्राउझरचा वरचा पट्टा आणि खालचा टास्कबार दोन्ही जातात. काम झालं की पुन्हा एफ ११ आणि कंट्रोल + शून्य. क्रोम प्रत्येक साइटचा झूम वेगळा लक्षात ठेवतो, त्यामुळे एखाद्या साइटची अक्षरं बारीक दिसायला लागली तर आधी हेच तपासा.

विंडो उघडते पण दिसतच नाही

टास्कबारवर चिन्ह आहे, क्लिक केलं तर उजळतं, पण स्क्रीनवर काही नाही. बहुतेकदा हा दोन मॉनिटरचा परिणाम असतो. ऑफिसात लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडलेला असतो, प्रोग्रॅम त्यावर उघडा ठेवलेला असतो, आणि संध्याकाळी लॅपटॉप घरी येतो. प्रोग्रॅम मात्र अजून त्याच मॉनिटरच्या जागी उघडतोय.

प्रथम विंडोज + पी दाबा आणि फक्त पीसीची स्क्रीन निवडा. दुसरा मॉनिटर नाही हे विंडोजला ठाम कळलं की विंडो अनेकदा आपोआप परत येते. नाही आली तर ऑल्ट + टॅबने ती निवडा आणि विंडोज + शिफ्ट + डावा बाण दाबा. या जोडीने विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर जाते. तरीही नाही, तर ऑल्ट + स्पेस, एम, कुठलाही एक बाण, आणि मग माउस स्क्रीनच्या मधोमध आणा. विंडो कर्सरला धरून येते. क्लिक करून सोडा. हा शेवटचा उपाय प्रोजेक्टर काढल्यावर हरवलेल्या विंडोलाही लागू पडतो, कॉलेजांतून शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा.

कायमची सोय

रोज तोच बॉक्स रोज वर सरकवावा लागत असेल तर सेटिंगकडे वळा. विंडोज + आय, मग सिस्टीम, डिस्प्ले, स्केल. तिथे १५० चं १२५ किंवा १२५ चं १०० करून बघा. अक्षरं बारीक झाल्याची तक्रार ज्येष्ठ मंडळी करणारच, आणि ती खरी असते. त्यांच्यासाठी स्केल कमी ठेवून ॲक्सेसिबिलिटीतला ‘टेक्स्ट साइझ’ वाढवा. त्याने मुख्यतः अक्षरं मोठी होतात, सगळ्या चौकटी फुगत नाहीत. रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरच्या पिक्सेलची संख्या, मात्र ‘रेकमेंडेड’ लिहिलेलंच राहू द्या. ते कमी केलं की सगळं मोठं आणि धूसर दिसतं, आणि जागा उलट आणखी कमी होते.

टास्कबार आपोआप लपणारा करणं हा माझा आवडता उपाय. पर्सनलायझेशनमध्ये टास्कबारच्या सेटिंगमध्ये तो मिळतो. छोट्या स्क्रीनवर ४०-४८ पिक्सेल फुकटात मिळतात, आणि बऱ्याच ठिकाणी अडलेलं काम तेवढ्यावरच सुटतं.

एकच जुना प्रोग्रॅम फुगलेला दिसत असेल तर त्याच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथे हाय डीपीआय स्केलिंग ओव्हरराइडवर टिक करून यादीतून ‘सिस्टीम (एन्हान्स्ड)’ निवडून बघा. सगळ्या प्रोग्रॅमना ते मानवत नाही. नाही मानवलं तर टिक काढून टाका.

आणि बॉक्स एकदाच भरायचा आहे, पण तो भलताच उंच आहे, अशा वेळी डिस्प्लेमध्ये ओरिएंटेशन ‘पोर्ट्रेट’ करा. १३६६ × ७६८ ची स्क्रीन आडवी होती ती उभी होते आणि उंची १३६६ मिळते. मान वाकडी करून वाचावं लागतं, पण काम होतं. बदल ठेवायचा का असं विंडोज विचारतं. काहीच उत्तर दिलं नाही तर १५ सेकंदांत स्क्रीन पूर्ववत होते, त्यामुळे भ्यायचं कारण नाही.

डिझाइनवाल्यांसाठी

चादरीच्या जेकार्ड डिझाइनवर किंवा फ्लेक्सच्या दुकानात काम करणाऱ्यांची मुख्य विंडो ठीक असते, हरवतात त्या छोट्या तरंगत्या पट्ट्या: रंगांची, लेअरची, हत्यारांची. त्यांना ऑल्ट + स्पेस बहुधा लागू होत नाही, त्या प्रोग्रॅमच्या पोटात असतात. फोटोशॉपमध्ये सगळ्या पट्ट्या एकदम गायब झाल्या असतील तर टॅब दाबून बघा, चुकून तोच दाबला गेलेला असतो. एखादीच पट्टी बाहेर गेली असेल तर विंडो मेनूत वर्कस्पेस आणि तिथे रिसेट. कोरलड्रॉ बंद करून, सुरू करताना एफ ८ दाबून धरलं तर मांडणी मूळपदावर येते. पण तुम्ही स्वतः लावलेले शॉर्टकट आणि टूलबारही त्यात जातात, तेव्हा त्यांची प्रत आधी काढून ठेवा.

लिनक्स आणि मॅक

उबुंटूवर ऑल्ट + एफ ७ ने विंडो सरकवता येते आणि ऑल्ट + एफ ८ ने आकार बदलतो, पुढचे बाण आणि एंटर तसेच. त्याहून सोपं म्हणजे सुपर, म्हणजे विंडोजचीच कळ, धरून विंडोला कुठेही पकडून माउसने ओढा. टायटल बारची गरजच उरत नाही. लिनक्सच्याच एक्सएफसीई या डेस्कटॉपवर हेच काम ऑल्ट धरून होतं. मॅकवर २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून एफएन + कंट्रोल + एफ ने विंडो स्क्रीनभर बसते आणि एफएन + कंट्रोल + बाणाने अर्ध्या भागात.

दुसऱ्याच्या मशीनवर काम करताना

कर सल्लागारांच्या ऑफिसांतून अनेकजण रिमोट डेस्कटॉपने पक्षकाराच्या संगणकावर काम करतात, आणि तिथे ऑल्ट + स्पेस दाबलं तर मेनू आपल्याच मशीनवर उघडतो. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये यासाठी वेगळी जोडी आहे: ऑल्ट + डिलीट दाबा, तोच मेनू पलीकडच्या विंडोचा उघडेल, आणि ऑल्ट + पेज अप हे तिथलं ऑल्ट + टॅब. किंवा कंट्रोल + ऑल्ट + ब्रेकने रिमोटची विंडो पूर्ण स्क्रीन करा. मूळ सेटिंगमध्ये पूर्ण स्क्रीन असताना सगळे नेहमीचे शॉर्टकट पलीकडच्या मशीनला जातात. बऱ्याच लॅपटॉपवर ब्रेकची स्वतंत्र कळ नसते, तिथे जोडणी करतानाच ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये जाऊन विंडोजच्या कळा नेहमी रिमोट संगणकाला द्याव्यात असं निवडून ठेवा.